सरळ रेघ आणि रुंद पट्टा

वडसा, आरमोरी, ब्रह्मपुरी, सिंदेवाही या भागाला झाडीपट्टी म्हणतात. जिल्ह्यांच्या सीमा कशाही जावोत, दिवाळीनंतर मंडया भरू लागल्या आणि रात्रभर नाटकं रंगू लागली की ही पट्टी कुठून कुठवर, हे कुणाला विचारावं लागत नाही. याच मुलखात ‘पट्टा’ हा शब्द किती तऱ्हांनी कानावर येतो! ताडोब्याचा वाघ पट्टेदार. नागभीड-मूलकडचा भाग धानाचा पट्टा. ग्रामपंचायतीत भरायची ती घरपट्टी आणि पाणीपट्टी. गडचिरोलीच्या जंगलगावात कुणी नुसतं ‘पट्टा मिळाला’ म्हणालं, तर तो वनहक्काचा कागद असतो. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. त्या भागात या दोन अक्षरांना जे वजन आहे, ते कोशातल्या अर्थावरून कळायचं नाही.

मूळ शब्द संस्कृत ‘पट्ट’. फळी, शिळा, कापडाची लांब चिंधी, असे त्याचे अर्थ. राजे दानाचा मजकूर तांब्याच्या पत्र्यावर कोरून देत, तो ताम्रपट्ट. जमिनीच्या हक्कलेखाला पट्टा म्हणतात तो त्यातूनच. ‘हत्थ’चा हात आणि ‘सत्त’चा सात झाला, त्याच चालीनं मराठीत ‘पट्ट’चा पाट झाला. जेवायला बसायचा पाट, शाळेतली पाटी, आणि जुन्या लेखांतल्या ‘पट्टकिला’चा झालेला पाटील, ही सगळी एका घरची माणसं. ‘पट्टा’नं मात्र आपलं जोडाक्षर सोडलं नाही. माझ्या मते तो घरातून नव्हे, दप्तरातून मराठीत आला, म्हणून त्याची झीज झाली नाही.

हे सगळं आठवायला कारण आहे समुद्र मोजणारा एक उपग्रह. अमेरिकेची नासा आणि फ्रान्सची सीएनईएस या संस्थांनी १६ डिसेंबर २०२२ रोजी सोडलेला ‘स्वॉट’ समुद्राच्या पाण्याची उंची एका रुंद पट्ट्यात मोजतो. त्याआधीचे या जातीचे उपग्रह रेघ मोजत. आपल्या इस्रोनं सीएनईएससोबत २५ फेब्रुवारी २०१३ रोजी श्रीहरिकोट्याहून सोडलेला ‘सरल’ तसाच होता. हे नाव इंग्रजी आद्याक्षरांवरून जुळवलेलं, पण मराठी कानाला ते फार नेमकं लागतं. संस्कृतात सरल म्हणजे न वाकलेला. उंच सरळ वाढणाऱ्या चीड वृक्षालाही सरल म्हणतात. हिंदीत त्याचा अर्थ ‘सोपा’कडे झुकला, मराठीनं ळ लावून मूळचा ‘ताठ’ अर्थ जपला. आणि तो उपग्रह करायचाही तेच. पायाखाली सरळ रडारचा स्पंद टाकायचा, प्रतिध्वनी परत यायला किती वेळ लागला त्यावरून अंतर काढायचं, ते स्वतःच्या उंचीतून वजा करायचं. उरते ती पाण्याची उंची. शांत पाण्यावरून प्रतिध्वनी झटकन, एकदम येतो. लाटा असतील तर माथ्यावरचा आधी आणि खोलगटातला मागून येतो, प्रतिध्वनीची चढण लांबते; त्या लांबण्यावरून लाटांची उंची कळते. चंद्रपुरात ‘लाट’ म्हटलं की पहिल्यांदा उन्हाची आठवते, पण ही खरीखुरी पाण्याची.

अडचण एवढीच की ‘सरल’ची दर ३५ दिवसांनी गिरवली जाणारी एक रेघ आणि तिच्या शेजारची रेघ यांच्यात विषुववृत्तावर सुमारे ८० किलोमीटर समुद्र न मोजलेला राही. लहान भोवरे त्या फटीत हरवत. ‘स्वॉट’नं १० मीटर लांब दांडीच्या दोन टोकांना दोन अँटेना लावल्या. एकाच ठिकाणाहून परतलेल्या लहरी दोघींकडे किंचित पुढेमागे पोचतात, आणि त्या फरकातून नेमक्या जागेची उंची निघते. त्यामुळे डाव्या-उजव्या बाजूला ५०-५० किलोमीटरचे पट्टे एका फेरीत मोजले जातात.

समुद्र यात आला कसा, असं झाडीपट्टीतल्या वाचकाला वाटेल. यास्कानं निरुक्तात ‘समुद्र’च्या ज्या अनेक फोडी दिल्या आहेत, त्यांतली एक अशी: ज्याच्याकडे पाणी धाव घेतं तो. वैनगंगा आणि वर्धा मिळून प्राणहिता होते, प्राणहिता सिरोंच्याजवळ गोदावरीत शिरते, पुढे बंगालचा उपसागर. ‘स्वॉट’ १०० मीटरहून रुंद नद्याही मोजतो, म्हणजे ही सगळी पात्रं त्याच्या हिशोबात येतात. जवळजवळ उभ्या रडारखाली पाणी लखलखतं आणि जमीन मंद राहते, म्हणून पात्राचा काठ उठून दिसतो. ढगांची आडकाठी नाही, मात्र मुसळधार पावसात याच्या लहरी क्षीण होतात.

‘पूर’ हा भरण्याचा शब्द आहे. पूर्ण, पुरेसा, पोळीतलं पुरण, सगळे त्याचे सोयरे. पण भामरागडात तो दरवर्षी तोडण्याचा शब्द होतो. पर्लकोटा नदीवरचा पूल पाण्याखाली गेला की तालुका जगापासून तुटतो. ऑगस्ट २०२०च्या अखेरीला गोसीखुर्द धरणातून सोडलेल्या पाण्यानं वैनगंगाकाठची गावं बुडाली, ती काही तासांच्या हिशोबानं. ‘स्वॉट’ची फेरी २१ दिवसांची. तेव्हा पुलाच्या खांबावर रंगवलेली मोजपट्टी आणि ती रात्री टॉर्च मारून वाचणारा माणूस, यांची जागा तो घेणार नाही, आणि घेतो असं कुणी सांगू नये. वर्षानुवर्षांची वाढघट, मनुष्यवस्तीपासून दूरची पात्रं, हे त्याचं काम.

एका शब्दाला मात्र या मोजणीनं खोटं पाडलं. रेल्वे स्थानकांच्या पाटीवर समुद्रसपाटीपासूनची उंची लिहितात. समुद्र सपाट नाही. पृथ्वीचं गुरुत्व सगळीकडे सारखं नसल्यामुळे, लाटा नि भरती वजा केली तरी, श्रीलंकेच्या दक्षिणेला पाण्याचा पृष्ठभाग पृथ्वीच्या आदर्श लंबगोलापेक्षा सुमारे १०६ मीटर खोल आहे. शब्द बदलायची गरज नाही, पण शाळेत तो शिकवताना हा खड्डा सांगायला हवा.

आणि परिभाषा घडवणाऱ्यांना एक विनंती. या मोजणीच्या रुंदीला नवा संस्कृत शब्द शोधू नका, ‘पट्टा’च ठेवा. दोन पट्ट्यांच्या मध्ये २० किलोमीटरची जागा सुटते, तिला विदर्भातला ‘धुरा’ शोभेल, दोन वावरांमधला असतो तसा. तो धुराही ओस नाही: ‘स्वॉट’वर जुन्या पद्धतीचं उंचीमापकही बसवलेलं आहे आणि त्याची सरळ रेघ त्याच धुऱ्यावरून जाते.