झरणीची घरगुती हत्यारे

लेखणीचा इतिहास आपण बहुधा लिहिणाऱ्यांच्या अंगाने सांगतो. तिची दुरुस्ती करणाऱ्या हातांची नोंद क्वचितच होते. वास्तविक लेखन आणि लेखणीची निगा ही दोन्ही कामे शतकानुशतके एकाच हाताने केली. बोरूने लिहिणाऱ्या कारकुनाच्या दौतीशेजारी चाकू असे. टोक झिजले की तो स्वतःच ते छाटी व मध्ये नवी चीर पाडी. युरोपातील मठांत पिसाच्या लेखणीने ग्रंथ उतरवून काढणाऱ्या संन्याशांचा परिपाठही हाच होता. एकोणिसाव्या शतकात बर्मिंगहॅमच्या कारखान्यांतून पोलादी निबांचे ढीग बाहेर पडू लागले, टाक घरोघरी आला आणि झिजलेली निब टाकून नवी बसवण्याची सवय लागली. लिहिणाऱ्याच्या मेजावरून चाकू हळूहळू नाहीसा झाला.

झरणीने दुरुस्तीचे काम पुन्हा आणले, परंतु फार अवघड स्वरूपात. १८८४ साली लुईस वॉटरमन यांना अमेरिकेत झरणीचे पेटंट मिळाले. निबेखालच्या जिभेला बारीक खाचा पाडून त्यांनी शाई खाली उतरताना हवा वर जाण्याची सोय केली होती. १९०८ साली आयोवा राज्यातील फोर्ट मॅडिसन गावचे जवाहिरे वॉल्टर शेफर यांनी शाई भरण्याच्या तरफेचे पेटंट घेतले. तरफ उचलली की आतली पट्टी रबरी पिशवीला दाबते आणि सोडली की पिशवी शाई ओढून घेते. लेखणी आता एक लहानसे यंत्र झाली होती. मोठ्या कंपन्या आपल्या विक्रेत्यांना दुरुस्तीची खास हत्यारे व माहितीपुस्तिका पुरवीत. पण रस्त्याकडेला पेटी मांडून बसणाऱ्या कारागिराला ती कोठून मिळणार? त्याने आपली हत्यारे स्वतःच घडवली.

आपल्याकडे या काळाला स्वदेशीच्या विचाराची जोड मिळाली. १९३१ साली मुंबईत दिगंबर परशुराम दांडेकर यांनी बंधूंच्या साथीने शाईच्या उत्पादनाला आरंभ केला. पुढे त्यातूनच ‘कॅम्लिन’ हे नाव घरोघरी पोहोचले. त्याच सुमारास आंध्रातील राजमहेंद्री येथे के. व्ही. रत्नम हे एबोनाइटच्या, म्हणजे गंधक घालून कठीण केलेल्या रबराच्या, झरण्या हाताने घडवू लागले. वर्ध्याच्या मगनवाडीत तेव्हा अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाचे कार्य सुरू होते आणि त्याची धुरा जे. सी. कुमारप्पा या श्रद्धावान ख्रिस्ती अर्थशास्त्रज्ञाकडे होती. कुमारप्पांच्या हस्ते रत्नम यांची झरणी गांधीजींकडे पोहोचली. १९३५ साली गांधीजींनी रत्नम यांना पत्र लिहून, बाजारातील परदेशी झरण्यांना ती चांगला पर्याय असल्याचे कळवले. ग्रामोद्योगाच्या विचारात वस्तू कोठे बनते याइतकेच, ती बिघडली तर गावातल्या माणसाला उघडता येते का, यालाही महत्त्व आहे.

आता ही घरगुती हत्यारे कोणती ते पाहू. जुन्या झरणीचा बोटांत धरायचा पुढचा भाग दांड्यात घट्ट बसलेला असतो. साध्या पकडीने तो फिरवला तर दातांचे व्रण उठतात. म्हणून पकडीच्या दोन्ही जबड्यांवर सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे चढवायचे. त्याआधी तो भाग कोरड्या उष्णतेने हलकेच गरम करावा लागतो. गरम पाण्यात बुडवल्यास काळे एबोनाइट मातकट पडते, आणि सेल्युलॉइडचा दांडा ज्योतीजवळ नेला तर क्षणात पेट घेतो.

निब आणि जीभ बाहेर काढायला निरनिराळ्या मापांची छिद्रे पाडलेला कठीण लाकडाचा ठोकळा आणि टोक सपाट घासलेली पितळी सळई लागते. भिवंडीच्या कामतघरात, जिथे यंत्रमागांचा खडखडाट अंगवळणी पडलेला आहे, तिथे या ठोकळ्यासाठी दूर जायला नको. मागावरून बाद झालेल्या धोट्याचे लाकूड अतिशय घट्ट असते. त्याच्या भरीव टोकाकडील तुकडा या कामाला उत्तम. फणीचे मोडके पोलादी पाते घासून पातळ केले की जिभेच्या खाचेत वाळून बसलेली शाई खरवडता येते. मात्र निबेच्या चिरेत ते घालू नये. तिथे पितळेचा अगदी तलम पत्राच हवा. सायकलच्या स्पोकचे टोक वाकवले की दांड्यात अडकलेली दाबपट्टी ओढून काढण्याचा आकडा तयार होतो, तर घड्याळाच्या जुन्या कमानीतून नवी पट्टी कापता येते.

रबरी पिशवी काळानुसार कडक होऊन तुटते, ती बदलावीच लागते. तिचे माप इंचाच्या चौसष्टाव्या भागांत मोजतात. सोळा क्रमांकाची पिशवी म्हणजे पाव इंच जाडीची. ती चिकटवायला स्पिरिटमध्ये विरघळवलेली चपडी वापरतात. सुताराच्या पॉलिशातली हीच लाख पुढच्या दुरुस्तीच्या वेळी उष्णतेने पुन्हा सुटते. आधुनिक गोंदाने चिकटवलेला सांधा मात्र दुसऱ्यांदा उघडताना फुटतो. पिशवीला वरून संगजिऱ्याची पूड चोळली की ती दांड्यात घासत नाही. या सगळ्या रीतीमागे एकच नियम दिसतो: आपल्यानंतर येणाऱ्या कारागिरालाही हे यंत्र उघडता आले पाहिजे.

धर्मग्रामाच्या कारभाराशी या विषयाचा जवळचा संबंध आहे. १५६३ साली ट्रेंटच्या विश्वपरिषदेने प्रत्येक धर्मगुरूने विवाहांची नोंदवही ठेवावी अशी आज्ञा केली. १९८३ च्या धर्मविधिसंहितेतील कलम ५३५ नुसारही स्नानसंस्कार, विवाह व मृत्यू यांच्या नोंदवह्या प्रत्येक धर्मग्रामात असल्याच पाहिजेत. अशा नोंदींसाठी लोह आणि मायफळ यांची निळी-काळी शाई दीर्घकाळ मानाची ठरली, कारण ती कागदाच्या तंतूंत मुरते व पाण्याने पुसली जात नाही. परंतु ती आम्लयुक्त आहे. पोलादी निब खाते आणि झरणीत वाळली तर जीभ तुंबवते. अक्षर टिकवणारी शाई लेखणीला झिजवते. म्हणून जिथे अशी नोंदवही, तिथे लेखणी उघडून धुणारा हातही हवाच.

तो हात आता विरळ झाला आहे. बॉलपेन संपले की फेकायचे असते. ते उघडण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. एखादा वृद्ध कारागीर देवाघरी जातो तेव्हा त्याच्या पत्र्याच्या डब्यातील वाकड्या तारा, छिद्रांचा ठोकळा आणि रबर चढवलेली पकड भंगारात जातात. विकत घेतलेल्या हत्यारावर निदान नाव आणि माप तरी असते. घरी केलेल्या हत्याराचे नाव व उपयोग करणाऱ्याच्या डोक्यातच राहतात. त्याची मुले डबा उघडतात तेव्हा त्यांना केवळ गंजलेली तार दिसते.

आपल्या कुटुंबांत असे डबे असतील: झरणीचे, घड्याळाचे, शिवणयंत्राचे किंवा मागाच्या जॉबरचे. घरातील वडीलधारे आहेत तोवर त्यांच्याजवळ बसून एकेक हत्यार हातात घ्यावे, त्याचे नाव आणि उपयोग विचारावा आणि चिठ्ठी लिहून त्याला दोऱ्याने बांधावी. नातवंडांनी एखाद्या रविवारी दुपारी हे काम केले तर तासाभरात पुरे होईल. चिठ्ठी मात्र पक्क्या शाईने लिहावी.