प्लॅस्टिकच्या कणावरचे बिऱ्हाड

सारगासो समुद्राला किनारा नाही. अटलांटिक महासागरातील प्रवाहांनी वेढलेल्या या समुद्राचे नाव सारगासम नावाच्या तरंगत्या शैवालावरून पडले. १९७१ मध्ये अमेरिकेतील वुड्स होल सागरविज्ञान संस्थेचे एडवर्ड कार्पेंटर तेथे पाण्याच्या पृष्ठभागावरून बारीक जाळे ओढत होते. जाळ्यात प्लॅस्टिकचे कण येऊ लागले. के. एल. स्मिथ यांच्यासह त्यांनी १९७२ मध्ये 'सायन्स'मध्ये हिशेब मांडला : चौरस किलोमीटरला सरासरी ३५०० कण, वजन २९० ग्रॅम. त्याच लेखात एक लहानशी नोंद होती. कण ठिसूळ झाले होते आणि त्यांवर डायटम व हायड्रॉइड चिकटून बसले होते.

यात तसे नवल नव्हते. समुद्राच्या पाण्यात अन्न फार विरळ असते, पण घन पृष्ठभागावर ते साचते आणि जीवाणू तेथे जोमाने वाढतात, हे कॅलिफोर्नियात क्लॉड झोबेल यांनी १९४३ मध्येच मांडले होते. नदीतल्या दगडाचा बुळबुळीतपणा आपल्या ओळखीचा आहे; तोही अशाच वस्तीचा. प्लॅस्टिकवर आधी सेंद्रिय द्रव्यांचा पातळ थर बसतो. मग जीवाणू येतात, चिकट बहुशर्करा सोडून पाय रोवतात. उन्हातील अतिनील किरणांनी प्लॅस्टिकला भेगा पडतात. बिऱ्हाडाला आडोसाच मिळतो.

या बिऱ्हाडकरूंची नीट शिरगणती व्हायला मात्र २०१३ साल उजाडले. समुद्रातील बहुतेक जीवाणू प्रयोगशाळेतील बशीत वाढतच नाहीत. त्यांचे डीएनए वाचण्याची सोय व्हावी लागली. झेटलर, मिन्सर आणि अमराल-झेटलर यांना उत्तर अटलांटिकमधील कणांवर भोवतालच्या पाण्यापेक्षा वेगळीच वस्ती आढळली. तिला त्यांनी 'प्लॅस्टिस्फिअर' म्हटले. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली जीवाणूंच्या मापाचे खड्डेही दिसले.

म्हणजे जीवाणू प्लॅस्टिक खातात का? येथे आपण जरा थांबले पाहिजे. घरात राहणारा घर खातोच असे नाही (वाळवीची गोष्ट निराळी!). २०१६ मध्ये जपानमधील साकाई येथे सापडलेला 'इडिओनेला साकाएन्सिस' पीईटी खरोखर खातो; पण पातळ, मऊ पापुद्रा ३० अंश सेल्सिअसला संपवायला त्याला सुमारे सहा आठवडे लागले. त्याची विकरे एस्टर बंध तोडतात. समुद्रावर तरंगणारे प्लॅस्टिक मुख्यतः पॉलिइथिलीन आणि पॉलिप्रॉपिलीन. त्यांच्या साखळीत तोडायला एस्टर बंधच नाहीत.