वर्गांतील बैठक आणि न्यायाचा पहिला धडा

धर्मग्रामाच्या ह्या महोत्सवप्रसंगीं शाळेचा विचार करणें आम्हांस अवश्य वाटतें. कारण मंदिरांत जो उपदेश रविवारीं होतो, त्याची परीक्षा शाळेंत रोज होत असते. लहान मुलास सामाजिक न्याय कसा शिकवावा, असें विचारलें म्हणजे पुष्कळांस एखादें पाठ्यपुस्तक आठवतें. आमचें मत असें कीं, पुस्तक उघडण्यापूर्वींच मूल हा विषय शिकूं लागतें. शाळेचें दार कोणास उघडतें, वर्गांत कोण कोठें बसतो आणि पाणी कोणाच्या हातून मिळतें, हें तें पाहत असतें.

ह्याची साक्ष आपल्या महाराष्ट्राचा इतिहासच देतो. १८४८ सालीं पुण्यास भिडे वाड्यांत जोतीराव व सावित्रीबाई फुले ह्यांनीं मुलींची शाळा काढली. पुढें महार-मांगांच्या मुलांसाठींही शाळा काढल्या. शिकवावयास निघालेल्या सावित्रीबाईंच्या अंगावर लोकांनीं शेण-चिखल टाकला, तरी त्या मागें फिरल्या नाहींत. त्यांच्याच शाळेंत शिकलेल्या मुक्ता साळवे ह्या मांग समाजांतील मुलीनें आपल्या लोकांच्या दुःखाविषयीं निबंध लिहिला, आणि तो १८५५ सालीं ‘ज्ञानोदय’ पत्रांत छापून आला. त्या वर्गानें तिला अक्षरें तर दिलींच. शिवाय आपल्यावरील अन्याय आपल्याच शब्दांत मांडण्याचें धैर्यही दिलें. न्यायशिक्षणाचें ह्याहून गोड फळ कोणतें?

परंतु दार उघडलें म्हणजे सर्व झालें, असें मात्र नव्हे. पुढें साताऱ्यास बाळ भीमराव आंबेडकर शाळेंत जाऊं लागले, तेव्हां त्यांस कोपऱ्यांत वेगळें, घरून आणलेल्या गोणपाटावर बसावें लागे. आणि शिपायानें नळ सोडला तरच पाणी मिळे. धडे सर्वांस एकच होते; पण जमिनीवर बसलेल्या त्या एकट्या मुलास, आणि त्यास पाहणाऱ्या इतर मुलांसही, त्या बैठकीनें निराळाच धडा दिला. हें मर्म कोल्हापूरच्या शाहू महाराजांनीं ओळखलें. त्यांनीं १९१७ सालीं प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचें केलें, आणि १९१९ सालीं अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून सर्व मुलांस एकाच शाळेंत बसविण्याचा हुकूम काढला.

आज कायदा आपल्या बाजूस आहे. २००९ सालच्या शिक्षणहक्क कायद्यानें सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक बालकास मोफत शिक्षणाचा हक्क दिला, व खाजगी शाळांत दुर्बल घटकांसाठीं शेंकडा २५ जागा राखून ठेवल्या. अल्पसंख्याकांच्या शाळांस मात्र सर्वोच्च न्यायालयानें २०१४ सालीं ह्या कायद्यांतून वगळलें. ही गोष्ट आम्हां ख्रिस्ती जनांस अंतर्मुख करणारी आहे. कायद्यानें सूट दिली, म्हणून प्रभूनेंही दिली काय? जें सक्तीनें करावयाचें नाहीं, तें प्रेमानें करण्याची मोकळीक आपणांस मिळाली आहे, असेंच आम्ही समजतों.

कुसगांव व भोंवतालच्या मावळांत शेतकऱ्यांचीं, कातकरी वाड्यांवरचीं आणि पोटासाठीं परगांवाहून आलेल्या मजुरांचीं मुलें आहेत. शिक्षकबंधुभगिनींनो, बाकांवरील जागा पाळीपाळीनें बदला. झाडण्याचें काम एकाच मुलाकडे ठेवूं नका. जें मूल गप्प बसतें त्यास आधीं विचारा. पालकहो, शेजारीं कोण बसतो म्हणून तक्रार घेऊन येऊं नका. आपलीं मुलें एका पंक्तींत बसून शिकोत, हीच ह्या महोत्सवीं परमेश्वराचरणीं आमची प्रार्थना.