कर्तन चाचणी : नमुन्याच्या आकारमानाचा परिणाम

वाळू, रेती, मुरूम अशा सुट्या कणांच्या मातीचे कर्तनबल प्रयोगशाळेत मोजताना नमुन्याच्या आकारमानानुसार अंतर्गत घर्षण कोन कमीजास्त येतो. मातीच्या धरणाचा उतार किती ठेवायचा हे या कोनावर ठरते. नाशिकला महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था (मेरी, स्थापना १९५९) आणि धरणांचे आराखडे करणारी मध्यवर्ती संकल्पचित्र संघटना या दोन्ही असल्याने येथे हा विषय रोजच्या कामाचा आहे.

कारणे : थेट कर्तन चाचणीत माती दोन भागांच्या पेटीत भरतात. पेटीचे दोन भाग एकमेकांवरून सरकू लागले की घट्ट वाळूचे कण एकमेकांवर चढतात आणि नमुना फुगतो. ही हालचाल सरासरी कणाच्या सुमारे १० ते १५ पट जाडीच्या पट्ट्यात होते. लहान पेटीत हा पट्टा वरखालच्या तबकड्यांना भिडतो, कणांना फिरायला जागा उरत नाही आणि बळ वाढीव दिसते. मोठ्या पेटीत कडेची माती आधी आणि मधली नंतर सुटते. त्यामुळे कमाल बळ उतरते. सैल वाळूत फरक थोडा असतो.

मानके : भारतीय मानक २७२० भाग १३ (१९८६) प्रमाणे नमुना ६० × ६० × २५ मिमी. आणि मातीचा कण ४·७५ मिमी.पर्यंत असतो. नमुन्याची जाडी सर्वांत मोठ्या कणाच्या किमान सहापट असावी, या अमेरिकी नियमाने मात्र २८·५ मिमी. जाडी लागेल. मुरमातले ४·७५ मिमी.हून मोठे खडे चाळून काढावे लागतात. म्हणजे धरणाच्या बाह्य थरात पडणारा माल आणि पेटीतला माल एक राहत नाही. खडेयुक्त मातीसाठी भाग ३९ मध्ये मोठ्या पेटीची वेगळी चाचणी आहे.

संशोधन : सेराटो व लुटेनेगर (२००६) यांनी पाच प्रकारच्या वाळूवर ६०, १०१·६ व ३०४·८ मिमी.च्या पेट्या वापरल्या. पेटी वाढली तसा घट्ट वाळूचा कोन घटला. सर्वच अभ्यासांत घट इतकी स्पष्ट नाही. कणाच्या आकारमानाचा परिणाम वेगळा मानावा : वरदराजन व सहकाऱ्यांच्या (२००३) चाचण्यांत रणजित सागर धरणाच्या गोलसर गोट्यांचा कोन कणाबरोबर वाढला, तर पुरुलियाच्या सुरुंगाने फोडलेल्या दगडाचा घटला.

त्रिअक्षीय चाचणी : दंडगोल नमुना चोहोबाजूंनी दाबाखाली ठेवून करायच्या या चाचणीतही नमुन्याचा व्यास सर्वांत मोठ्या कणाच्या किमान सहापट धरतात.

उपयोग : पेटीचे माप, सर्वांत मोठा कण व वगळलेल्या खड्यांचे प्रमाण नोंदवल्याशिवाय दिलेला घर्षण कोन धरणाच्या आराखड्यासाठी अपुरा समजावा.