शुद्ध कडकनाथ कसा टिकवावा?

कडकनाथ ही मध्य प्रदेशातील झाबुआ भागात भिल्ल-भिलाला समाजाने सांभाळलेली जात. तेथील कडकनाथ मांसाला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. शहापूर, मुरबाडकडे ही कोंबडी गावरान कोंबड्यांसोबत मोकळी सोडल्यास एक-दोन पिढ्यांतच संकर होतो. संकरित पिल्लेही काळी निघू शकतात. त्यामुळे केवळ रंगावरून शुद्धता ठरवू नये.

• पैदाशीचा कळप जाळीत वेगळा ठेवावा. ८ ते १० माद्यांमागे १ नर पुरेसा होतो.
• माद्या पूर्वी इतर कोंबड्यांत फिरत असतील, तर वेगळ्या केल्यानंतर ३ आठवडे त्यांची अंडी उबवणीस घेऊ नयेत. तोपर्यंत आधीच्या नराची पिल्ले निघू शकतात.
• कडकनाथ मादी क्वचितच खुडूक बसते. म्हणून ७ दिवसांच्या आतील १० ते १२ अंडी खुडूक गावरान कोंबडीखाली ठेवावीत. साधारण २१ व्या दिवशी पिल्ले निघतात.
• बाप-लेक, भाऊ-बहीण असा मेळ टाळावा. पायात कडी घालून नोंद ठेवावी आणि नर दुसऱ्या खात्रीच्या कळपातून आणावा.
• मानमोडीसाठी ५ ते ७ व्या दिवशी लासोटा व ८ व्या आठवड्यात आर-टू-बी लस पशुवैद्यकाच्या सल्ल्याने द्यावी.

फेब्रुवारी २०२२ मध्ये शहापूर तालुक्यातील वेहळोलीत बर्ड फ्लू आढळला, तेव्हा १ किलोमीटर परिसरातील कोंबड्या नष्ट करण्याचे आदेश निघाले. अशा वेळी निरोगी कळपही वाचत नाही. म्हणून साथ नसतानाच पैदाशीचे काही पक्षी दूरच्या गावातील विश्वासू शेतकऱ्याकडे ठेवावेत.