माग टिकला, चरखा गेला

इंग्लंडातल्या औद्योगिक क्रांतीने हिंदुस्थानचे काय केले, असे विचारले की आपल्याकडे उत्तर तयार असते : मँचेस्टरचे कापड आले आणि विणकर देशोधडीला लागला. शाळेच्या पुस्तकापासून व्याख्यानमालेपर्यंत हेच ऐकू येते. त्याला जोडून ढाक्याची मलमल येते आणि विणकरांच्या हाडांनी मैदाने पांढरी झाल्याचे ते वाक्यही येते, जे मार्क्सने ‘भांडवल’मध्ये एका गव्हर्नर जनरलच्या नावावर दिले आहे. या उत्तरामागचा संताप न्याय्य आहे. पण त्यात मुख्य बळी कोण हेच चुकले आहे, आणि ते चुकले की साम्राज्याने नेमके काय हिरावले याचा हिशेबही चुकतो.

पूर्वपक्षाच्या बाजूने जे खरे आहे ते आधी मान्य करू. इंग्लंडने १७२१ साली कायदा करून आपल्या प्रजेला छापील सुती कापड वापरायला बंदी केली. १८१३ च्या सुमारास हिंदी कापडावर तिथे सत्तर-ऐंशी टक्क्यांपर्यंत जकात होती, आणि त्यांचे कापड इथे दोन-तीन टक्क्यांवर उतरत होते. निर्यातीवर जगणारे ढाक्याचे, सुरतेचे, मच्छलीपट्टणचे विणकर यात खरोखर बुडाले. याबद्दल वाद नाही.

पण हातमागच नामशेष झाला असेल, तर १९४२ च्या सरकारी चौकशी समितीला देशात वीस लाखांच्या घरात माग कसे आढळले? मँचेस्टर ऐन भरात असतानाच सोलापूर वाढले. तेलंगणातून पद्मसाळी कुटुंबे तिथे येत राहिली. सत्तावन्नच्या धामधुमीनंतर आणि पुढच्या दुष्काळांत उत्तरेतले मोमीन विणकर मालेगावला, भिवंडीला येऊन वसले. विसाव्या शतकाच्या पहिल्या चार दशकांत हातमागाचे उत्पादन घटले नाही, उलट वाढले. कारण लुगड्यात आहे. काठ एका रंगाचा, अंग दुसऱ्या रंगाचे आणि पदर तिसराच. शिवाय नऊ वारांची लांबी, आणि दर प्रांताची, दर जातीची आवड वेगळी. असा माल थोडा थोडा विणणे लँकेशरच्या यंत्रमागाला परवडत नव्हते. साध्या, मधल्या पोताच्या कापडात हातमाग हरला, काठापदराच्या मालात तो तगला. झटक्याचा धोटा आला तेव्हा सोलापूरच्या विणकराने तोही उचलला. त्याची मजुरी तुटपुंजी राहिली, तो सावकाराच्या आणि कारखानदाराच्या मुठीत गेला, हे खरेच. पण माग चालू राहिला.

त्या मागावर चढणारे सूत मात्र गिरणीचे होते. खरी उलथापालथ इथे झाली.

यंत्रांचा क्रम पाहिला की हे उघड होते. हारग्रीव्ह्जची जेनी १७६४ च्या सुमाराची, आर्कराइटचे पाण्यावर चालणारे यंत्र १७६९ चे, क्रॉम्प्टनचे ‘म्यूल’ १७७९ चे. ही सगळी सूतकताईची यंत्रे. यंत्रमाग इंग्लंडातसुद्धा १८२० नंतरच पसरला. शंभर पौंड कापूस हाताने कातायला पन्नास हजार तास लागत, असा एक प्रसिद्ध अंदाज आहे. १८२५ च्या स्वयंचलित म्यूलवर तेच काम १३५ तासांत होऊ लागले. या फरकापुढे कोणत्याही चरख्याचा निभाव लागणे शक्य नव्हते. आणि एक माग चालता ठेवायला निदान चार-पाच जणींनी कातावे लागे. म्हणजे जिथे एक विणकर दिसतो, तिथे त्याच्यामागे घराघरांत बसलेल्या कितीतरी बाया होत्या. आपल्या इतिहासाने त्या विणकराकडे पाहिले आणि बायांकडे पाहिलेच नाही.

त्यांतल्या एकीचा आवाज आपल्यापर्यंत पोहोचला आहे. १८२८ साली ‘समाचार दर्पण’ या बंगाली पत्रात शांतिपूरच्या एका कातणाऱ्या विधवेचे पत्र छापले गेले. ऐन तारुण्यात नवरा गेला, पदरात तीन मुली. ती चरखा आणि टकळी घेऊन बसली. विणकर घरी येऊन रोख पैसे देऊन सूत नेत, नड पडली तर उचलही देत. त्या सुतावर तिने तिघी मुलींची लग्ने केली. मग विलायती सूत आले, आणि विणकर दारात येईनासे झाले. पत्रातला सगळ्यांत विलक्षण भाग यापुढचा आहे. आजवर तिला वाटत होते की विलायतेतले सगळे श्रीमंत असतात. पण इतक्या स्वस्तात सूत कातणाऱ्या तिथल्या बाया आपल्याहूनही गरीब असल्या पाहिजेत, असा तर्क तिने केला. यंत्राची तिला कल्पना नव्हती, तरी गणित तिने अचूक मांडले होते. जागतिक बाजारपेठेबद्दल इतके नेमके लिहिलेले त्या काळचे फार थोडे माझ्या वाचनात आले आहे.

अर्थेतिहासकार अमिय कुमार बागची यांनी कंपनीच्या काळातल्या बुकॅनन हॅमिल्टनच्या पाहणीवरून दाखवले, की गंगाकाठच्या बिहारात उद्योगावर जगणाऱ्यांचे प्रमाण १८०९-१३ मधल्या १८.६ टक्क्यांवरून १९०१ पर्यंत ८.५ टक्क्यांवर आले. या घटीचा मोठा भाग कातणाऱ्या स्त्रियांचा होता. एकट्या पाटणा-गया भागात बुकॅननला सव्वातीन लाखांहून अधिक कातणाऱ्या बाया आढळल्या होत्या. यावर इतिहासकार मारिका विचियानी यांनी आक्षेप घेतला : या बहुतेक दुपारचे काही तासच कातत, त्यांना कामगार म्हणून मोजायचे तरी कसे? आक्षेप अभ्यासपूर्ण आहे, आकड्यांबाबत सावध करणाराही आहे. पण त्यातून निघणारा निष्कर्ष मला अमान्य आहे. दुपारचे ते तासच शेतमजुराच्या घरात रोकड आणत होते. भाताची लावणी-कापणी संपल्यावर, परक्याच्या शेतात जाता येत नाही अशा विधवेला, म्हातारीला, उंबऱ्याआड राहणाऱ्या उच्च जातीच्या बाईलाही घरात बसून मिळवता येणारा तो एकमेव पैसा होता. अर्धवेळ म्हणून तो मोजायचा नाही, असे ठरवले तर गरिबाच्या घरचा निम्मा संसार हिशेबाबाहेर राहतो.

दुसऱ्या टोकाचा पक्ष आहे अर्थेतिहासकार मॉरिस डी. मॉरिस यांचा. १९६३ साली त्यांनी मांडले की स्वस्त सुताने हिंदी विणकराचे हात बळकटच केले. विणकरापुरते यात तथ्य आहे, ते वर आलेच. पण विणकराचा तो फायदा कातणाऱ्यांच्या बुडालेल्या कमाईतून आला, आणि ती कमाई भरून काढणारे दुसरे काही उभे राहिले नाही. या शेवटच्या गोष्टीलाच मी साम्राज्याचा अपराध म्हणतो. यंत्र कुणालाच अडवता आले नसते. इंग्लंडातही हातकताई मेली, पण त्याच मुलखात गिरण्या निघाल्या, आणि कितीही क्रूर असल्या तरी त्यांत बायकामुलांना काम मिळाले. जपानला १९११ पर्यंत जकातीचे पूर्ण स्वातंत्र्य नव्हते. तरी तिथल्या सरकारने १८७० नंतरच्या दशकातच दोन-दोन हजार चात्यांची यंत्रे मागवून स्थानिक उद्योजकांना हप्त्यांवर दिली. इथे मुंबईतली पहिली गिरणी कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली काढली, ती खासगी भांडवलावर, आणि मुंबईच्या गिरण्यांत स्त्रिया पाचव्या हिश्श्याच्या आसपासच राहिल्या. सरकारने काय केले? १८९६ साली परदेशी सूत करमुक्त केले आणि हिंदी गिरण्यांच्या कापडावर साडेतीन टक्के अबकारी कर बसवला. तो उठायला १९२६ साल उजाडले.

याची एक बाजू आपल्याला रुचणारी नाही, पण सांगायला हवी. मुंबईच्या गिरण्यांनी सुरुवातीची कित्येक वर्षे कापडापेक्षा सूतच जास्त काढले, आणि ते जात होते चीनला. शांतिपूरच्या बाईवर जे ओढवले, तेच यांगत्सेच्या खोऱ्यातल्या बायांवर आले, आणि त्यात आपल्या शेटियांचा हात होता. चीनमध्येही माग टिकले. हपे प्रांतातल्या गाओयांगचे विणकर गिरणीच्या सुतावर पुढे भरभराटीला आले.

इथे चरखा किती पुरता गेला होता, ते गांधींच्या अनुभवात दिसते. त्यांनी ‘हिंद स्वराज्य’ लिहिले तेव्हा आपण चरखा किंवा माग पाहिल्याचे आठवत नव्हते, असे त्यांनी आत्मकथेत लिहिले आहे. पुढे साबरमतीच्या आश्रमात माग बसवले तेव्हा कळले, की सूत सगळे गिरणीचे. चरखा गुजरातभर शोधावा लागला. गंगाबेन मजमुदार यांना तो अखेर बडोदे संस्थानातल्या विजापुरात सापडला. बायांनी चरखे निरुपयोगी म्हणून माळ्यावर टाकले होते. पुन्हा कातायला त्या तयार झाल्या, पण दोन अटींवर : पेळू नियमित पुरवा आणि कातलेले सूत विकत घ्या.