मांड्याचें खापर

पुरणाचें पक्वान्न आपलेंच, असा आपला सुखाचा समज असतो. हंगेरींत मैदा, अंडीं व दूध यांचें पातळ धिरडें आधीं भाजतात, मग त्यांत गोड चक्का किंवा जर्दाळूचा मुरंबा गुंडाळतात. त्या ‘पालाचिंते’चें नांव मूळ लॅटिन! आमच्या नांदूरघाटीं पुरण आधीं पोटांत, भाजणें मागाहून. कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वराच्या (राज्यकाल ११२६–११३८) ‘मानसोल्लासां’त मंडकाची कृति आहे: धुऊन उन्हांत वाळविलेले गहूं दळावे, चाळावे, तूपमीठ घालून मळावे, गोळे हातांनीं पसरून तापल्या खापरावर भाजावे. राजानें कृति नोंदविली; खापर घडविणाऱ्या कुंभाराचें, हात पोळून घेणाऱ्या बाईचें नांव मात्र कोणीं लिहिलें नाहीं. माझ्या आईचें खापर फुटलें, तेव्हां आम्हीं लोखंडी तवा आणला. पोळ्या होत राहिल्या. मांडे पुन्हां झाले नाहींत.